नोंदणीच्या खिडकीवर बोट ठेवण्याआधी

"आजी, बोट जरा दाबून ठेवा. असं नाही, सपाट." रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागे बसून हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नाही. काचेवर बोट ठेवलं की लाल पट्टी. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, कोरडं केलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल. मागे रांग वाढतेय, कुणीतरी घड्याळ बघतंय. अशाच एका सकाळी एका आजींचं बोट काही केल्या उमटेना, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने मार्ग काढला. सोबत आलेल्या मुलीचं बोट काचेवर ठेवून घेतलं. हिरवी पट्टी आली, केसपेपर निघाला, रांग सरकली.

दीड वर्षाने ती मुलगी स्वतःच्या दुखण्यासाठी आली. बोट ठेवलं आणि पडद्यावर आईचं नाव, आईचा रक्तगट, आईच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या. खिडकीवरच्या मुलाने वयाचा रकाना पाहिला म्हणून घोटाळा लक्षात आला. यंत्राच्या लेखी काहीच चुकलं नव्हतं. हे बोट आपण आधी पाहिलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं. ते कुणाचं हे माणसाने सांगितलं होतं, आणि तेच खोटं होतं.

पुढे मी रेकॉर्ड विभागात गेले आणि अशा नोंदी निस्तरण्यात बराच काळ घालवला. हा लेख रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत फाइल घेऊन धावणाऱ्या माणसासाठी आहे. बायोमेट्रिक, म्हणजे बोट, डोळा, चेहरा, आवाज अशा शरीराच्या खुणांवरून ओळख पटवणं, नकोच असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न विचारायचे तर बोट काचेवर टेकवण्याआधी विचारायचे. नंतर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं मिळतात, ठसा मात्र परत मिळत नाही. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड चोरीला गेला असता तर प्रत्येकाने दहा मिनिटांत नवा घेतला असता.

पायरी १ : काय घेतायत आणि कशासाठी, ते ओळखा

नोंदणीवर यंत्र दिसलं की बहुतेकांना वाटतं, सगळी एकाच जातीची. तसं नाही. बोटाचा ठसा तुम्ही दिवसभर पेल्यावर, दाराच्या मुठीवर, फोनच्या काचेवर सोडत असता. चेहरा तर लांबून, तुम्हाला न कळता टिपता येतो. तळहाताच्या शिरांचं यंत्र वेगळं. ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतं, शिरांमधलं रक्त तो शोषून घेतं आणि शिरांची जाळी काळी उमटते. ती जाळी तुम्ही कुठे मागे सोडत नाही, म्हणून चोरायला त्यातल्या त्यात अवघड. फोनवरून अपॉइंटमेंट घेताना आवाजावरून ओळख पटवणारी यंत्रणा असेल तर तीही बायोमेट्रिकच, फक्त यंत्र समोर दिसत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत एक गल्लत हमखास होते. बुबुळाची ओळख म्हणजे बाहुलीभोवतालच्या रंगीत कड्याची नक्षी. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, ही वेगळी गोष्ट. रेटिनावरच्या रक्तवाहिन्यांवरून मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या खुणा दिसतात. म्हणजे ओळखीसाठी रेटिनाचं चित्र घेतलं तर ओळखीसोबत आजाराची माहितीही गेली. चेहऱ्याचंही थोडं तसंच आहे. चेहऱ्याच्या फोटोवरून काही जनुकीय आजारांचा अंदाज सुचवणारी सॉफ्टवेअर डॉक्टर आज वापरतात. "फक्त फोटोच तर घेतोय" या वाक्यातला "फक्त" म्हणूनच मला खटकतो.

यंत्र कोणतं याहून महत्त्वाचं, ते करतं काय. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात तुम्ही आधी तुमचा रुग्ण क्रमांक सांगता आणि यंत्र त्या एकाच नोंदीशी तुमचं बोट ताडून पाहतं. हा पडताळा. दुसऱ्यात तुम्ही काहीच सांगत नाही, यंत्र तुमचं बोट सगळ्या नोंदींशी ताडतं आणि तुम्हाला हुडकून काढतं. हा शोध. खिडकीवर दोन्ही सारखेच दिसतात.

आता हिशेब करा. समजा एखादं यंत्र लाख तुलनांमध्ये एकदाच परक्या बोटाला "जुळलं" म्हणतं. ऐकायला झकास. पडताळ्यात तुलना एकच होते, त्यामुळे धोका लाखात एक. पण शोधात तुमचं बोट पाच लाख नोंदींशी ताडलं, तर सरासरी पाच परकी माणसं तुमच्या नावाने पुढे येतील. यंत्र तेच, अचूकता तीच, फरक फक्त वापराचा. मोठ्या प्रणाली यावर उपाय म्हणून एकाहून जास्त बोटं घेतात, किंवा बोटासोबत बुबुळही. म्हणजे चूक कमी करायला तुमच्याकडून आणखी माहिती घेतात. पडताळ्याने काम भागत असेल तिथे शोध वापरायचं कारण काय, हा रुग्णाने विचारण्यासारखा प्रश्न आहे. मी खिडकीवर असताना तो मला कुणी विचारला नाही. विचारला असता तर खरं सांगते, मला उत्तर आलं नसतं.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१९ साली चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या गणिती पद्धती, तपासले. त्यांतल्या बऱ्याच अल्गोरिदमनी आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांच्या पडताळ्यात गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा दहापट ते शंभरपट जास्त वेळा चुकीची जुळणी केली. अल्गोरिदम कोणत्या चेहऱ्यांवर शिकला, यावर तुमच्या नोंदीची अचूकता ठरते.

पायरी २ : इथे ते खरोखर लागतंय का?

रुग्णालयांची अडचण खोटी नाही. सारख्या नावाची, सारख्या वयाची माणसं असतात. एकाच माणसाच्या चार नोंदी तयार होतात आणि औषधाची ॲलर्जी नेमकी उघडलेल्या नोंदीत नसते. दुसऱ्याच्या नावावर उपचार घेणारेही असतात, आणि त्यांचा रक्तगट मग भलत्याच माणसाच्या फाइलीत जाऊन बसतो. बायोमेट्रिक यातलं बरंच काही आटोक्यात आणतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्याला पर्याय नाही असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णसुरक्षेच्या २००७च्या शिफारशींमध्ये रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी असं सांगितलंय, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख. खोली क्रमांक त्यात धरायचा नाही, कारण खाट बदलते. मनगटावरची पट्टी, तिच्यावरचा बारकोड, आणि औषध देण्याआधी "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारणारी परिचारिका, एवढ्यावर बहुतेक काम होतं. इथे एक बारकावा आहे. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून यायला हवं.

बायोमेट्रिकच्या बाजूने हमखास सांगितलं जाणारं कारण म्हणजे बेशुद्ध रुग्ण. "अपघातात बेशुद्ध आलात तर बोटावरून सगळी माहिती निघेल." निघेल, पण तुमचा ठसा त्याच प्रणालीत आधीच असेल तर. रुग्णवाहिका तुम्हाला भलत्याच रुग्णालयात घेऊन गेली आणि दोघांच्या प्रणाली एकमेकींशी बोलत नसतील, तर तुमचं बोट तिथे मुकं. त्या प्रसंगासाठी खिशातलं एक कार्ड जास्त कामाचं आहे, ज्यावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा नंबर लिहिलाय. फोनमधली आपत्कालीन वैद्यकीय माहितीही भरून ठेवा, ती कुलूप न उघडता वाचता येते.

पायरी ३ : ठसा कुठे जाऊन बसतो?

सगळ्यात खोल पाणी इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

"मी फोन बोटानेच उघडतो की, मग इथे काय बिघडलं?" हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला. बोट तेच असलं तरी ठसा राहतो वेगळ्या ठिकाणी. चांगल्या फोनमध्ये तो फोनच्याच एका सुरक्षित चिपमध्ये राहतो, बाहेर पडत नाही. फोन हरवला तर एक फोन हरवला. रुग्णालयात मात्र हजारो लोकांचे ठसे एका सर्व्हरवर गोळा होतात. तो सर्व्हर कधी तळघरात असतो, कधी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडे, तर कधी तिसऱ्याच देशातल्या क्लाउडवर. चोराला एकेका घरात शिरायची गरजच उरत नाही, कोठार आयतं मिळतं. २०१९ साली दारं उघडणाऱ्या एका बायोमेट्रिक प्रणालीचा डेटाबेस इंटरनेटवर जवळजवळ उघडाच सापडला. त्यात दहा लाखांहून जास्त लोकांच्या ठशांची माहिती होती.

"आम्ही ठसा साठवत नाही, त्याचा साचा साठवतो," असं उत्तर तुम्हाला मिळेल. ते अर्धं बरोबर आहे. यंत्र बोटावरच्या रेघा कुठे संपतात, कुठे फुटतात ते बिंदू टिपतं आणि त्यांची आकड्यांची यादी करतं. हाच साचा, टेम्पलेट. यादीवरून मूळ ठसा परत काढता येत नाही, असं बरीच वर्षं गृहीत धरलं जात होतं. २००७ साली इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रमाणित साच्यांवरून ठशाची चित्रं पुन्हा उभी करून दाखवली, आणि ती चित्रं यंत्रांनी खरी मानली. त्यामुळे साचा हीसुद्धा तुमची ओळखच आहे. ती कुलपात असली पाहिजे.

यावर तांत्रिक उपाय आहे. बायोमेट्रिक माहितीच्या संरक्षणासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं २४७४५ क्रमांकाचं मानक आहे. त्याच्या तीन अपेक्षा साध्या भाषेत सांगायच्या तर अशा. साच्यावरून मूळ ठसा काढता येऊ नये. एका ठिकाणचा साचा दुसऱ्या ठिकाणच्या साच्याशी जुळवता येऊ नये. आणि साचा फुटला तर तो रद्द करून त्याच बोटाचा नवा, वेगळा साचा बनवता यावा. बोट बदलता येत नाही, पण साचा बदलता येईल अशी व्यवस्था करता येते. फक्त ती कुणीतरी मुद्दाम मागावी लागते आणि विकत घ्यावी लागते.

खिडकीवरच्या माणसाला हे विचारून उपयोग नाही. त्याला पासवर्ड दिलेला असतो आणि रांग संपवायला सांगितलेलं असतं. रेकॉर्ड विभागात, प्रशासन अधिकाऱ्याकडे किंवा माहिती संरक्षण अधिकारी नेमलेला असेल तर त्याच्याकडे जा आणि हे विचारा:

- तुम्ही ठशाचं चित्र ठेवता की फक्त साचा?
- तो ठेवणारा सर्व्हर कुणाच्या ताब्यात आहे, आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला तो दिसतो का?
- तो माझ्या केसपेपरसोबत एकाच डेटाबेसमध्ये आहे की वेगळा?
- मी येणं बंद केलं तर तो कधी पुसता?
- पोलीस, विमा कंपनी किंवा दुसरं खातं मागायला आलं तर कुणाच्या सहीने देता?

"डेटा एनक्रिप्टेड आहे", म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात आहे, हे उत्तर आलं तर मान डोलवून उठू नका. किल्ली कुणाकडे आहे, एवढंच विचारा. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगलेली असतील तर कुलपाला अर्थ नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सगळ्यात बोलकं असतं. ठसे आणि आजार एकाच ठिकाणी असतील, तर फुटल्यावर नुसता अनामिक ठसा जात नाही, "या बोटाच्या माणसाला हा आजार आहे" असं वाक्य जातं.

पाचवा प्रश्न अनेकांना उगाच वाटतो. स्वीडनचं उदाहरण पाहा. तिथे १९७५पासून नवजात बाळांच्या रक्ताचे थेंब जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी घेऊन जपून ठेवले जातात. २००३ साली परराष्ट्रमंत्री आना लिंड यांचा खून झाला आणि संशयिताचा डीएनए ताडायला पोलिसांना याच साठ्यातला नमुना मिळाला. पुढच्या वर्षीच्या हिंदी महासागरातल्या त्सुनामीनंतर तिथे मरण पावलेल्या स्वीडिश लोकांची ओळख पटवण्यासाठी कायदा तात्पुरता बदलून हाच साठा वापरला गेला. दोन्ही कारणं कुणालाही पटतील अशीच होती, आणि अडचण नेमकी तीच आहे. साठा असला की तो मागणारा येतो, आणि त्याच्याकडे कारण चांगलंच असतं. पण ज्या आईने बाळाचं रक्त घेऊ दिलं, तिने यातल्या कशालाही हो म्हटलं नव्हतं. केनियात एचआयव्हीविषयीच्या एका अभ्यासात ठसे घ्यायचा विचार पुढे आला, तेव्हा ज्या लोकांसाठी तो अभ्यास होता त्यांनीच विरोध केला. ठसे पोलिसांच्या हाती लागले तर काय, ही त्यांची भीती होती. अशी भीती बसली की माणूस दवाखान्यात यायचाच थांबतो, आणि मग ओळख पटवायला समोर रुग्णच राहत नाही.

पायरी ४ : संमतीपत्र हातात घेऊन वाचा

पूर्वी सही न येणारा अंगठा उठवायचा आणि आपण त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो. आता सही करणारेही न वाचताच अंगठा देतात, फरक एवढाच.

भरतीच्या कागदांत उपचाराची संमती, बिलाची हमी आणि बायोमेट्रिकची संमती एकाच सहीखाली घातलेली असेल तर ती वेगळी करून मागा. उपचारांना हो आणि ठशाला नाही, असं म्हणायला जागा असली पाहिजे. "संशोधन व सेवासुधारणेसाठी", "आमच्या सहयोगी संस्थांसोबत", "कायद्याने आवश्यक असेल तोपर्यंत" अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढा. सहयोगी संस्था कोणत्या, त्यांची नावं मागा. न पटणारं वाक्य खोडून बाजूला सही आणि तारीख घाला, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. रुग्णालय ते खोडलेलं मान्य करेलच असं नाही, पण तुम्ही संमती दिली नव्हती याचा कागद तुमच्याकडे राहतो.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी चित्र वेगळं आहे. युरोपात २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या नवव्या कलमात आरोग्याची माहिती आणि ओळखीसाठी वापरलेली बायोमेट्रिक माहिती, दोन्ही विशेष संरक्षणात येतात. अमेरिकेच्या आरोग्य गोपनीयतेच्या नियमांत ठसे, आवाज आणि पूर्ण चेहऱ्याचा फोटो ही ओळख उघड करणारी माहिती धरली आहे. तिथल्याच इलिनॉय राज्याचा २००८चा बायोमेट्रिक कायदा फार कडक म्हणून गाजला. पण त्यातून आरोग्यसेवेत रुग्णाकडून घेतलेली माहिती वगळलेली आहे. भारताच्या २०२३च्या माहिती संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. तेव्हा "कायदा आहे ना" म्हणून निर्धास्त होण्याआधी त्यातला रुग्णालयापुरता अपवाद शोधा.

पायरी ५ : नाही म्हणायचं असेल तर

जीवावर बेतलेलं असेल तर वाद घालू नका. छातीत कळ आलेल्या माणसाच्या नातेवाइकाने खिडकीवर गोपनीयतेवर भांडत बसणं, हे मी पाहिलंय आणि ते कुणी करू नये. ठसा घेऊ द्या, उपचार सुरू होऊ द्या, कागदपत्रांचं नंतर पाहता येतं.

एरवी शांतपणे सांगा: "मला ठसा द्यायचा नाही. ओळखपत्र आणि जन्मतारखेवर नोंद करा. ठसा सक्तीचा असेल तर तसं लेखी द्या." यातलं शेवटचं वाक्य काम करतं. सक्ती आहे असं तोंडाने सांगणारे पुष्कळ, कागदावर लिहून देणारे थोडे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठशाशिवाय पुढे जायचा मार्ग असतो, कारण बोटं नसलेले, भाजलेले, हाताला प्लास्टर असलेले रुग्णही येतात. आमच्याकडे ते बटण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होतं आणि ते दाबायला पर्यवेक्षकाचा पासवर्ड लागायचा. म्हणून खिडकीवरचा माणूस "होत नाही" म्हणाला तर त्याचा अर्थ बहुधा "मला करता येत नाही" असा असतो. पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा, त्या पोरावर आवाज चढवू नका.

पायरी ६ : ज्यांचं बोट उमटतच नाही

वय झालं की कातडी पातळ आणि कोरडी होते, रेघा विरतात. हाताने काबाडकष्ट करणाऱ्यांच्या रेघा झिजतात. हातावर इसब असलेल्यांचा ठसा आज एक, महिन्याने दुसरा. कॅपेसिटाबिन नावाचं कर्करोगावरचं औषध आहे. त्याने तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात आणि काहींच्या बोटांवरच्या रेघा पुसल्याही जातात. हे औषध घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर ठसे उमटेनात म्हणून अडवून ठेवल्याची नोंद २००९ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. नेत्रविभागात बाहुली मोठी करणारे थेंब घातले की बुबुळाचं यंत्र अडखळतं. थोडक्यात, ज्यांना रुग्णालयाची गरज सगळ्यात जास्त, त्यांचीच बोटं आणि डोळे यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

अशांच्या सोबत जाणाऱ्याने एकच नियम पाळावा. त्यांच्या जागी स्वतःचं बोट ठेवू नये, कुणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी. ठसा आला नाही तर "ठसा उमटत नाही" अशी नोंद करून घ्यावी. सुरुवातीच्या त्या आजींची आणि त्यांच्या लेकीची नोंद सोडवायला आम्हाला तीन आठवडे लागले. दीड वर्षातला प्रत्येक रिपोर्ट काढून कोणता कुणाचा, हे हाताने वेगळं करावं लागलं.

लहान मुलांचा ठसा देताना आई-वडिलांनी जास्तच हात आखडता घ्यावा. नवजात बाळाच्या बोटावरच्या रेघा इतक्या बारीक असतात की नेहमीच्या यंत्राला त्या धड टिपता येत नाहीत. म्हणजे उपयोग थोडा, आणि माहिती मात्र आयुष्यभराची. बाळाला मनगटाची किंवा घोट्याची पट्टी आणि आईच्या पट्टीवर तोच क्रमांक, ही जुनी पद्धत चांगली चालते.

पायरी ७ : ठसा देताना नजर पडद्यावर

द्यायचं ठरलं तर पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा. नाव, जन्मतारीख, रक्तगट, ॲलर्जी हे चारही रकाने स्वतः वाचा आणि मगच बोट ठेवा. दोन्ही हातांचं एकेक बोट द्या, कारण उद्या एका हाताला सलाइन असेल. यंत्र जिवंत बोट ओळखतं का, तेही विचारून घ्या. २००२ साली जपानमधल्या योकोहामा विद्यापीठातल्या त्सुतोमु मात्सुमोतो यांच्या गटाने जिलेटिनची नकली बोटं बनवून तेव्हाची अनेक यंत्रं फसवली होती. २०१४ साली जर्मनीत एका हॅकरने तिथल्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा साध्या छायाचित्रांवरून उभा करून दाखवला. समोर माणूस बसलेला असताना नकली बोट वापरणं कठीणच. पण कुणी लक्ष देत नसलेल्या स्वयंसेवा यंत्रावर हा प्रश्न खरा आहे.

पायरी ८ : नंतरचा पत्रव्यवहार

तुमच्या आजाराचे कागद रुग्णालयाला काही वर्षं ठेवावेच लागतात, ते पुसा म्हणून उपयोग नाही. ठशाचं तसं नाही. उपचार संपले, पुन्हा यायचं नाही, तर ठसा ठेवायला कारण उरत नाही. "रेकॉर्ड पुसता येत नाही" असं सांगून दोन्ही गोष्टींची मोट बांधली जाते, तेव्हा पत्रातच त्या वेगळ्या करा. मी लोकांना असा मजकूर लिहून देत असे:

"माझा रुग्ण क्रमांक अमुक. दिनांक अमुक रोजी आपल्या नोंदणी विभागाने माझ्या बोटांचे ठसे घेतले. माझे उपचार पूर्ण झाले आहेत. माझ्या वैद्यकीय नोंदी नियमानुसार ठेवण्यास माझी हरकत नाही. तथापि ठशाची प्रतिमा व साचा आपल्या तसेच पुरवठादार कंपनीच्या प्रणालीतून काढून टाकावा, बॅकअप प्रतींमधून तो केव्हा जाईल ते कळवावे, आणि आजवर तो कोणास दिला असल्यास त्यांची नावे लेखी द्यावीत. ठसा काढल्यानंतर माझी नोंद रुग्ण क्रमांकावर चालू ठेवावी."

पत्र हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ईमेल केलात तर पोच मागा. शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर ठशासोबत तुमची नोंदच बंद करून टाकणारे महाभाग भेटतात.

माहिती फुटल्याचं पत्र आलं तर घाबरून सगळं बदलत बसण्याआधी चित्र फुटलं की साचा, आणि सोबत आजाराची माहिती होती का, हे विचारा. जीडीपीआर लागू असेल तिथे फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे "अजून चौकशी चालू आहे" हे उत्तर महिनोन्महिने चालत नाही. ठशाचं चित्र गेलं असेल तर जिथे नुसत्या त्याच बोटावर पैसे निघतात तिथे पिन किंवा दुसरं बोट लावा. विम्याचा तपशील दर काही महिन्यांनी मागवून वाचा. न केलेली तपासणी किंवा न झालेली भरती दिसली तर लगेच रुग्णालयाला आणि विमा कंपनीला कळवा. तिथे प्रश्न नुसत्या पैशांचा नसतो, दुसऱ्याचा आजार तुमच्या फाइलीत शिरलेला असतो.

आणि ठसा काढून टाकल्याचं पत्र हातात आलं की एकदा त्या रुग्णालयात जा. तिथलं यंत्र शोध घेणारं असेल तर नोंदणीच्या खिडकीवर नाव सांगू नका, क्रमांक सांगू नका, फक्त बोट काचेवर ठेवा. लाल पट्टी आली तर निदान चालू प्रणालीतून ठसा गेलाय. पडद्यावर तुमचं नाव उघडलं तर त्या पडद्याचा, वेळ दिसेल असा फोटो काढा आणि तोच पुढच्या पत्राला जोडा.